कोरडा गट

"आजपासून या पृथ्वीतलावर कुठलाही माणूस बेसावध पकडला जाणार नाही!" अशी घोषणा 'झुंबड' कंपनीचे संस्थापक-संचालक मिलिंद घारपुरे यांनी नागपूरच्या मुख्यालयात, बंद दाराआड, सगळ्यांचे फोन टोपलीत जमा करून घेतल्यावर केली. टाळ्या झाल्या. टाळ्या ओसरायच्या आत वॉचमन दार ढकलून आत आला आणि म्हणाला, खाली ॲम्ब्युलन्सच्या जागेवर कुणाची तरी पांढरी गाडी उभी आहे, ट्रॅफिकवाल्यांनी तिला जॅमर लावलाय. गाडी घारपुरे यांची होती. घोषणेनंतर बेसावध पकडले गेलेले ते पहिले गृहस्थ. मानवजातीच्या सुटकेचा उरलेला भाग त्यामुळे दुसऱ्या दिवशी ईमेलने कळवण्यात आला.

'झुंबड' हे ॲप. गप्पा, फोटो, व्हिडिओ कॉल, नकाशे, खरेदी, सगळं एकातच. भारतात ते फारसं चाललं नाही. पण स्वस्त फोन बनवणाऱ्या एका कारखान्याशी घारपुरे यांनी वेळेवर मैत्री केली. त्यामुळे ज्या ज्या देशात गरीब माणसं स्वस्त फोन घेतात, तिथे तिथे फोनच्या पोटात 'झुंबड' आधीच बसलेलं असे. ते काढून टाकता येत नसे. कंपनीच्या अहवालात याला 'ग्राहकांची निष्ठा' म्हणत.

सगळ्यात निष्ठावंत ग्राहक ओरझानमध्ये होते. ओरझान हा उत्तरेकडचा थंड, डोंगराळ, मे महिन्यापर्यंत बर्फ पडणारा देश. तिथे निवडणुका वेळेवर होत आणि निकाल त्याच्याही आधी लागत. लोकशांती मंत्रालय नावाचं एक खातं होतं. ते पहाटे माणसं उचलून नेई आणि बहुतेक परत आणत नसे.

घारपुरे यांच्या त्या घोषणेमागे 'झुंबड'च्या पोटातलं 'चाहूल' नावाचं यंत्र होतं. आता ही काय भानगड होती, ते सांगायला हवं.

माणसाला फ्रिज घ्यायचा असला की तो एकदम घेत नाही. आधी दुकानावरून उगाच दोनदा जातो. मग समोरच्या टपरीवर चहा पीत दुकानाकडे बघतो. मग मेहुण्याला घेऊन येतो. नकाशात दुकान शोधतो, मागच्या बाजूला टेम्पो लागेल का पाहतो. हे सगळं करताना फोन खिशात असतो आणि फोनला दुसरं काही काम नसतं. अशा हजारो घिरट्या यंत्राला दाखवल्या की यंत्र शिकतं. मग तुमचं अजून ठरलेलं नसतानाच ते सांगतं की हा गृहस्थ परवापर्यंत फ्रिज घेणार. त्या मुहूर्तावर फ्रिजची जाहिरात दाखवायची. एवढ्यासाठीच 'चाहूल' बनवली होती.

पण ओरझानमध्ये यंत्र अशा गल्ल्यांत खरेदी होणार असं सांगू लागलं, जिथे दुकानच नव्हतं. नुसती घरं. चूक म्हणून ती तक्रार पंकज टेकाडेकडे आली. टेकाडे हा यंत्राची देखभाल करणारा, नागपूरच्या इतवारीतला, कायम भूक लागलेला माणूस. त्याने तीन आठवडे डोकं घातलं आणि मग केतकी निमजेच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, यंत्र चुकून नाही राहिलं," तो म्हणाला. "खरेदी होऊनच राहिली आहे. पण फ्रिजची नाही."

"मग कशाची?"

"माणसाची."

मंत्रालयाच्या शिपायांचे फोनही स्वस्तच होते. त्यांच्याही खिशात 'झुंबड' होतं. माणूस उचलण्याआधी तेही गल्लीतून उगाच दोनदा जात, समोर चहा पीत, साहेबाला घेऊन येत, मागच्या बाजूला गाडी लागेल का पाहत. यंत्राच्या लेखी दोन्ही गिऱ्हाइकंच. फरक एवढाच की ही खरेदी सहसा परत करता येत नसे. आणि यंत्राचा अंदाज दहातल्या नऊ वेळा बरोबर येत होता, दोन दिवस आधी.

केतकी कंपनीची आकडेशास्त्रज्ञ होती. वय चाळिशीच्या अलीकडे. लग्न झालं होतं, मोडलंही होतं, दोन्हींचं तिला फारसं आश्चर्य वाटलं नव्हतं. नागपुरातल्या नंदनवन वस्तीत आईबरोबर राहायची. आकड्यांवर तिचा विश्वास होता, आणि माणसांवर विश्वास ठेवायची वेळ आली की ती आधी आकडे मागायची.

तिने हे प्रकरण वर नेलं. वर म्हणजे घारपुरे आणि शुभदा सबनीस. सबनीसबाई वित्त आणि विधी अशी दोन्ही खाती सांभाळत. त्यामुळे कायद्याला किती पडतील आणि पैशाला कायदा काय म्हणेल, हे त्यांना एकाच डोक्यात विचारता येई.

"आपण लोकांना सांगितलं पाहिजे," केतकी म्हणाली.

"सांगितलं तर त्यांचं सरकार ॲप बंद करेल," सबनीसबाई म्हणाल्या. "चाळीस लाख गिऱ्हाइकं जातील. नाही सांगितलं तर कुणी विचारणारही नाही."

"मॅडम, माणसं मरताहेत."

"आपल्यामुळे?"

"आपल्याला माहीत असून."

"माहीत असणं गुन्हा नाही गं. माहीत आहे असं लिहून ठेवणं, तो गुन्हा." एवढं बोलून त्यांनी बैठकीची टिपणं घेणाऱ्या यंत्राचं बटण बंद केलं.

मार्ग टेकाडेने काढला, तोही ताटात पोहे घेऊन. तो म्हणाला की यंत्र तसंही सांगूनच राहिलंय. ज्या घरातला माणूस उचलला जातो, त्या घरातून पुढच्या आठवड्यात लोकरीच्या मोज्यांची मागणी येते. तिथल्या तुरुंगात फरशा उघड्या, पाय गारठतात, म्हणून घरचे आधी मोजे पाठवतात. यंत्राने हे ताडलं आणि माणूस उचलण्याच्या दोन दिवस आधीच त्याला मोज्यांची जाहिरात दाखवू लागलं. वेळेवर घेतलेले बरे.

घारपुरे यांनी एसी वाढवला. बाहेर एकोणपन्नास डिग्री होतं.

"म्हणजे आपण काहीच करायचं नाही," घारपुरे हळूहळू उजळत म्हणाले. "जे आहे ते चालू द्यायचं. जरा नेमकं करायचं. वा!"

तसंच ठरलं, आणि मग ती बंद दाराआडची घोषणा झाली. ज्याच्या दारी शिपाई घिरट्या घालतात, त्याला आणि फक्त त्यालाच लाल पट्ट्यांच्या लोकरी मोज्यांची जाहिरात दिसू लागली. लोकांना कुणी सांगितलं नाही, पण लोक मूर्ख नसतात. ते फक्त निष्ठावंत असतात. दोन-तीन महिन्यांत राजधानी काराल शहरात म्हणच पडली: मोजे आले की निघायचं. माणसं रातोरात घाट ओलांडून शेजारच्या देशात जाऊ लागली. मंत्रालयाच्या कानावर हे आलंच नाही असं नाही. पण मोज्यांची गिरणी मंत्र्यांच्या साडूची होती. तिच्या जाहिरातीवर संशय घ्यायला कुणी धजेना.

मग आर्थिक वर्ष संपत आलं आणि सबनीसबाईंनी केतकीला बोलावलं.

"मोज्यांच्या जागेला टीव्हीवाले चौपट भाव देताहेत," त्या म्हणाल्या. "मोजे ठेवायचे तर त्यांचा उपयोग होतो हे सिद्ध कर."

"लोक पळून जाताहेत की."

"मोज्यांमुळे? की तसेही गेले असते? हे तू मला शिकवलंस, केतकी. औषध घेऊन माणूस बरा झाला म्हणजे औषधाने झाला असं नाही."

हे खरोखरच केतकीने शिकवलं होतं. औषध लागू पडतं का हे पाहायचं तर काहींना ते द्यायचं, काहींना द्यायचं नाही, आणि दोघांचं पुढे काय होतं ते मोजायचं. 'झुंबड'मध्ये बटणाचा रंग बदलायचा झाला तरी असंच करत. तेव्हा मोज्यांचंही तसंच व्हायला हवं होतं. ज्यांच्या दारी शिपाई येतील, त्यांतल्या काहींना मोजे दाखवायचे नाहीत.

"निम्म्यांना नको दाखवू," सबनीसबाई म्हणाल्या. "स्वच्छ हिशेब."

केतकी भांडली. पाटीवर सूत्रं लिहिली, आवाज चढवला, एकदा डोळ्यांत पाणीही आणलं. दहातला एक पुरेल, त्याहून जास्त नको, हे तिने सिद्ध केलं. शेवटी सबनीसबाई एकावर आल्या. निम्मी माणसं वाऱ्यावर जाणार होती, त्यांतली बहुतेक तिने परत ओढून आणली. त्या संध्याकाळी ती आईसाठी संत्रा बर्फी घेऊन गेली. आई म्हणाली, काय गं, बढती मिळाली का?

गटांना नावं टेकाडेने दिली. महापालिकेची कचऱ्याची गाडी सकाळी गाणं वाजवत येते, तिच्यावरून त्याला सुचलं. मोजे दिसतील तो ओला गट, दिसणार नाहीत तो कोरडा गट. कोण कुठे जाणार हे यंत्र चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवी. त्यात वशिला नव्हता. इतका निःपक्षपातीपणा ओरझानच्या जनतेला यापूर्वी कुणी दाखवला नव्हता.

केतकीला धाकटा भाऊ होता, हर्षल. बारावीनंतर इथे नंबर न लागलेली विदर्भातली पोरं डॉक्टर व्हायला जिथे जिथे जातात, त्यांत ओरझान होतं. इतर पोरं शिकून परत आली. हर्षल तिथलाच झाला. काराल शहराच्या मोठ्या इस्पितळात शल्यविशारद, बायको तिथलीच, सेलिमा. दर रविवारी दुपारी त्याचा कॉल यायचा. पडद्यावर आई नेहमी फक्त कपाळाएवढी दिसायची.

"अगं आई, फोन खाली कर. मला नुसती टिकली दिसून राहिली आहे."

"टिकली दिसते ना? मग झालं. जेवलास का?"

"जेवलो. बकरा होता."

"रोज काय बकरा रे! अंगात उष्णता होईल."

"आई, बाहेर उणे वीस आहे. होऊ दे की."

तो हसत होता, पण डोळ्यांखाली काळं होतं. आई चहा टाकायला उठली तसा त्याने आवाज खाली आणला.

"ताई, विद्यापीठात गोळीबार झाला. पोरं लपूनछपून येतात, मी टाके घालतो, रजिस्टरात नाव लिहीत नाही. कुणीतरी बोललं असणार. सेलिमा म्हणते, आजच निघू. पुढच्या आठवड्यात पुन्हा वादळ येतंय, घाट बर्फाने बंद होईल."

"मग निघ ना!"

"वॉर्डात पोरं पडली आहेत गं. दोघांचे टाके अजून ओले आहेत. मी गेलो तर त्यांना बघणारं कुणी नाही." तो जरा थांबला. "एक विचारू? ते मोज्यांचं खरं आहे का? इथे सगळे म्हणतात."

केतकीने आई येते का ते वळून पाहिलं. कंपनीतलं घरच्यांनाही सांगायचं नाही, असं करारात लिहिलेलं होतं.

"बरं, म्हणजे खरं आहे," हर्षल म्हणाला. "मला तर अजून काही आले नाहीत. मला मेले कूलरच दिसतात. बर्फ साचलंय खिडकीवर आणि हा फोन म्हणतो, उन्हाळ्यात गार गार वाटेल."

दोघंही हसली. आतून आईने विचारलं, काय झालं? दोघं एकदम म्हणाली, काही नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात केतकीने ते केलं, ज्याची शिक्षा बडतर्फी होती. कुठल्या माणसाची चिठ्ठी कोणत्या गटात पडली हे बघायचं नाही, असा नियम होता. आणि तो योग्य होता, कारण बघितलं की माणूस ढवळाढवळ करतो. तिने हर्षलचा खातेक्रमांक घालून यंत्राला विचारलं: हा कोरड्या गटात आहे का?

शेजारी टेकाडे होता. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग छताकडे.

"मी चहाले गेलो होतो, मॅडम," तो म्हणाला. "आत्ता परत येऊन राहिलो." आणि खुर्चीत बसूनच राहिला.

यंत्राने उत्तर दिलं: नाही.

केतकीने श्वास सोडला. कोरड्यात नाही, म्हणजे ओल्यात आहे. शाळेतलं पोरही एवढं सांगेल. जगात माणसांचे दोनच ढीग आहेत असं तिने धरून चाललं, कारण ते ढीग तिनेच लावले होते.

तिने दुपारी स्वतःहून फोन केला.

"हर्षू, ऐक. सेलिमाला पुढे पाठव, तिच्या मावशीकडे, घाटापलीकडे. तू थांबलास तरी चालेल."

"नक्की?"

"नक्की. तुला वेळेवर कळेल. दोन दिवस मिळतात. जाहिरात दिसली की आहे तसा निघ. नाही दिसली तर पोरांना बघ."

"तू म्हणतेस तर थांबतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजातलं ओझं उतरल्यासारखं वाटलं. "माझी एक डोकेबाज बहीण आहे असं मी वॉर्डात सांगत असतो. कुणाला पटत नाही."

"कायले पटेल? तुझ्याकडे बघून?"

तो खूप वेळ हसला. त्याचं हसू तिला पुढे बरेच दिवस पुरवून वापरावं लागलं.

सेलिमाचा फोन त्यानंतरच्या आठवड्यात ऑफिसात आला. ती घाटापलीकडून बोलत होती, मोडक्या हिंदीत. ती भाषा तिने सासूशी बोलता यावं म्हणून शिकली होती. हर्षलला इस्पितळाच्या दारातून नेलं होतं. टाके घातलेल्या पोरांनाही नेलं होतं, खाटांसकट. गाडी आधीपासून मागच्या बाजूला लागलेली होती.

"दीदी, वो देखता था," सेलिमा म्हणत होती. "हर घंटा फोन देखता था. मोज़ा नहीं आया. मैं बोली, आ जाओ. वो बोला, दीदी ने बोला है, मोज़ा आएगा."

केतकीने फोन ठेवला. मग टेकाडेकडे गेली.

"पंकज, माझ्या भावाला मोजे का दिसले नाहीत? तो ओल्या गटात होता."

टेकाडेने पाहिलं. यावेळी चहाला गेला नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "याला तुम्ही फॅमिली प्लॅनमध्ये घातलं होतं का?"

"हो. आईला कॉल करायला बरं पडतं म्हणून. तिथला कॉल सारखा तुटायचा. का?"

"मग तो प्रयोगातच नाही ना. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना आपण कुठल्याच प्रयोगात घेत नाही. त्यांना घरून काहीबाही कळलेलं असतं, नमुना खराब होतो." तो जरा घुटमळला. "नियम तुमचाच आहे, मॅडम. तुम्हीच पाठवला होता सगळ्यांना."

"म्हणजे तो ओला नाही?"

"नाही."

"कोरडाही नाही?"

"नाही."

"मग कोण आहे तो?"

टेकाडेने पडद्यावर बोट ठेवलं. "फॅमिली प्लॅनला पत्ता एकच असतो. तो नंदनवनचा ग्राहक आहे. यंत्राच्या हिशेबी तो तुमच्याच घरी राहतो. म्हणून तर कूलर दाखवून राहिलं."

यंत्राला शिपायांच्या घिरट्या सगळ्या दिसल्या होत्या. चहा दिसला होता, साहेब दिसले होते, मागची गाडी दिसली होती. खरेदी होणार हे त्याने बरोबर ओळखलं होतं. फक्त ज्याची खरेदी होणार होती तो नागपुरात बसलाय अशी त्याची समजूत होती, आणि नागपुरात लोकरीचे मोजे खपत नाहीत.

केतकी जिना चढून सबनीसबाईंकडे गेली. हर्षलचा फोन अजून चालू असेल तर तो कुठे आहे एवढंच तिला हवं होतं. कुठल्या तुरुंगात ते कळलं असतं तर वकील पाठवता आला असता.

सबनीसबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. पाण्याचा ग्लास पुढे केला. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी केतकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बाळा, देता येत नाही गं. ग्राहकाची खासगी माहिती आहे ती."

"मी बहीण आहे त्याची!"

"म्हणून तर. घरच्यांना तर अजिबात नाही. उद्या कुणाचा नवरा बायकोचा पत्ता मागेल. खासगीपणाच्या बाबतीत आपण तडजोड करत नाही, तुला माहीत आहे."

"आणि मंत्रालयाने मागितली तर?"

"ते योग्य नमुन्यात अर्ज करतात," सबनीसबाई म्हणाल्या.

घरी आईला काही सांगितलं नव्हतं. रविवारी कॉल आला नाही तेव्हा केतकी म्हणाली, तिकडे बर्फ पडलंय, नेटवर्क नाही. आईने तरी फोन समोर धरून ठेवला, कपाळ दिसेल असा.

"बर्फ कधी थांबणार?" आईने विचारलं.

"उन्हाळ्यात."

"इथे तर उन्हाळाच आहे," आई म्हणाली आणि फोन पुसून ठेवून दिला.

प्रयोगाचा निकाल त्याच महिन्यात लागला. मोठ्या सभागृहात सगळे जमले. घारपुरे यांनी पडद्यावर दोन खांब दाखवले, एक उंच हिरवा आणि एक बुटका करडा. ओल्या गटातले दहापैकी आठ जण निसटले होते. कोरड्या गटातला दहापैकी जेमतेम एक. इतका ठळक फरक 'झुंबड'च्या इतिहासात कशातही दिसला नव्हता, बटणाच्या रंगातसुद्धा नाही.

"हा फरक बघा!" घारपुरे म्हणाले आणि बुटक्या खांबावर लेझरचा लाल ठिपका नाचवू लागले. "हा जितका खाली, तितकं आपलं काम मोठं! काय सबनीसबाई?"

"मंजूर," सबनीसबाई म्हणाल्या. "मोजे चालू राहतील."

टाळ्या झाल्या. त्या केतकीसाठी होत्या, आणि लोक वळून तिच्याकडे बघून वाजवत होते. ती उठली. आभार मानणार असं सगळ्यांना वाटलं.

"तो करडा खांब माणसांचा आहे," ती म्हणाली. "त्यांच्या दारी शिपाई फिरताहेत हे आपल्याला दोन दिवस आधी माहीत होतं. आपण गप्प बसलो. आपण शहाणे आहोत हे आपल्याला सिद्ध करायचं होतं, म्हणून ती माणसं गेली. ते मी केलं. दहातला एक मी मागून घेतला आणि घरी बर्फी नेली." तिचा आवाज कापत नव्हता. आकडे सांगताना तो कधीच कापत नसे. "माझा भाऊ त्या खांबातसुद्धा नाही. त्याला नेलं, आणि तुमच्या आकड्याला साधा ओरखडा उमटला नाही. आता सिद्ध झालंय ना? मग आज, आत्ता, कोरडा गट बंद करा. सगळ्यांना मोजे दाखवा. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही. एवढंच."

टेकाडेने मान खाली घातली. घारपुरे यांनी चष्मा काढला आणि खरोखर डोळे पुसले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्या इमारतीत वाईट माणूस शोधून सापडला नसता. अशा कामांना तो लागतही नाही.

"तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे," घारपुरे म्हणाले.

"आहेच," सबनीसबाई म्हणाल्या. "पण सगळ्यांना दाखवले तर पुढच्या वर्षी कशाशी ताडून बघणार? सिद्ध झालं ते या वर्षीपुरतं. शिपाई उद्या वेगळ्या चालीने येऊ लागले तर? कोरडा गट नसेल तर मोजे लागू पडतात की नाही, कळणारच नाही. मग मला मोजेच बंद करावे लागतील. सगळ्यांचे." त्या केतकीकडे वळल्या. "मी चुकत असेन तर सांग. सूत्रं तुझीच आहेत."

सगळे केतकीकडे पाहू लागले. चुकतंय कुठे हे तिने मनातल्या मनात शोधलं, पाटीभर शोधलं. तिचीच सूत्रं होती. ती चुकत नसत.

ती खाली बसली.

घारपुरे बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिले. मग मध्येच थांबले. त्यांचा चेहरा तसाच उजळला, जसा टेकाडेच्या पोह्यांच्या वेळी उजळला होता.

"पण आपण काहीच करणार नाही असं नाही!" ते म्हणाले. "'कोरडा गट' हे नावच मुळात असंवेदनशील आहे. कचऱ्याचं नाव. मला आधीपासून खटकत होतं. आजपासून त्या गटाला आपण केतकीच्या भावाचं नाव देऊ. हर्षल गट! जगभर, सगळ्या देशांत. प्रत्येक अहवालात त्याचं नाव येईल. कंपनी त्याला विसरणार नाही."

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली, उभं राहून. केतकीच्या दोन्ही बाजूंची माणसं उभी होती, त्यामुळे ती कुणाला दिसत नव्हती.

सभा संपली. लोक जेवायला गेले. सबनीसबाई खुर्च्यांमधून वाट काढत तिच्याजवळ आल्या आणि शेजारी बसल्या.

"छान झालं," त्या हळूच म्हणाल्या. "फक्त एक आहे, बाळा. नाव वापरायचं म्हणजे खासगीपणाचा प्रश्न येतो. त्याची स्वतःची संमती काही आता मिळायची नाही. आई आहेत ना घरी? त्यांची सही लागेल. काय झालं, कशासाठी, सगळं नीट समजावून सांगून घे हं, नंतर तक्रार नको. आणि सही तेवढी निळ्या शाईत घेशील? काळी असली की स्कॅनला झेरॉक्स वाटते."